कडी घातलेलं पोर्ट

१

पाच नंबरच्या खोलीतले म्हातारे सुतार भरदुपारी गेले, आणि बाहेर टेबलावरचा पडदा मात्र ते ठणठणीत असल्याचं सांगत राहिला.

निदान सिस्टरचं म्हणणं तरी तेच होतं. वॉर्डात आठ खोल्या. प्रत्येक खाटेशी एक मॉनिटर, आणि आठही मॉनिटरांचे आकडे सिस्टरच्या टेबलावरच्या एका मोठ्या पडद्यावर एकत्र दिसायचे. रुग्णाची झोपमोड नको म्हणून खोलीतला गजर बारीक ठेवायचा आणि टेबलावरचा मोठा, अशी तिथली पद्धत. त्या दुपारी टेबलावरचा गजर वाजलाच नाही. सुतारांचा मुलगा खालून औषधं घेऊन आला, त्याने दार ढकललं, आणि त्याच्या ओरडण्याने सगळा वॉर्ड हादरला. सिस्टर धावत गेली तेव्हा म्हाताऱ्याचे हात गार पडायला लागले होते.

"ही बाई फोनवर गप्पा मारत बसली होती!" मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला. "जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझा बाप आत तडफडत होता आणि हिचं फोनवर चाललं होतं!"

हॉस्पिटलचे प्रमुख, म्हणजे सगळ्यांचे मोठे डॉक्टर, तातडीने आले. सुतारांना हलवल्यावर त्यांनी पाच नंबरची खोली होती तशी, दिवे आणि यंत्रं चालू ठेवून, कुलूप लावून सील केली. किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. सिस्टरला घरी पाठवलं.

गजर तिनेच बंद केला होता असं ठरलं, तर तिचा परवाना जाणार होता. वर मुलगा पोलिसांत जायला निघालेलाच. पण यातल्या कशानेही सिस्टर खचली नव्हती. ती खचली घरी, तिच्या शाळकरी लेकीने जेवता जेवता मान खाली घालून विचारलं तेव्हा.

"आई, तू खरंच बघितलं नाहीस का गं त्या आजोबांकडे?"

२

चौकशीला वरच्या मंडळाने एक बाई पाठवल्या. हॉस्पिटलांमधली यंत्रं एकमेकांना जोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि ती जोडणी कुठे दगा देते ते शोधणं हे आता त्यांचं काम होतं. समोरचा बोलत असताना हळू आवाजात गुणगुणायची त्यांना सवय होती. कोणाला वाटायचं बाईंचं लक्ष नाही. लक्ष सगळं असायचं.

सिस्टर समोर बसली आणि पदराशी चाळा करू लागली.

"फोनवर होतात?" बाईंनी सरळ विचारलं.

"होते. दोन नंबरच्या पेशंटला रक्त हवं होतं, रक्तपेढीवाले दाद देत नव्हते. पण बाई, डोळे पडद्यावरच होते माझे. पाच नंबरचे आकडे छान होते. इतके छान की मला बरं वाटलं. म्हटलं, आज सुतारबाबांना आराम पडलाय."

"हलत होते का आकडे?"

सिस्टर थबकली. "म्हणजे?"

"माणसाची नाडी दगडासारखी नसते. दोन वर, दोन खाली, सारखी चाललेली असते."

"नाही हो आठवत. तेवढं... नाही बघितलं मी."

"गजर बंद केलात?"

"देवाशपथ नाही. आणि बाई, आणखी एक सांगू? कोणी ऐकूनच घेत नाही. त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी खोलीला कुलूप लावलं, त्यानंतर मी टेबलावरच होते, दुसरी येईपर्यंत. पाच नंबरच्या चौकटीत नुसत्या रेघा दिसत होत्या. पेशंट नाही, पण मॉनिटर चालू आहे, असा त्याचा अर्थ. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत तिथे लाल पाटी आली. संपर्क तुटला, म्हणून."

बाईंचं गुणगुणणं थांबलं.

"कुलूप लावल्यानंतर?"

"नंतर. दार माझ्या समोर होतं. आत कोणी गेलं नाही."

बाई उठून पाच नंबरच्या दाराशी गेल्या. दाराला वर काचेची पट्टी होती. आत अंथरूण विस्कटलेलं तसंच, खुर्चीवर चादर, आणि खाटेजवळचा मॉनिटर मंद उजेड देत चालू. वीज होती. यंत्र धडधाकट होतं. तरी बंद खोलीतल्या त्या यंत्राचा बाहेरच्या जगाशी संबंध कोणीतरी तोडला होता, उंबरठ्याला पाय न लावता.

३

सुतारांचा मुलगा खालच्या बाकावर बसला होता. तिशी-पस्तिशीचा, दाढी वाढलेली. बोलायला लागला की आवाज चढायचा आणि मध्येच फुटायचा.

"मला माझ्या वडिलांच्या वस्तू हव्यात. चष्मा आत आहे, माझी बॅग आत आहे. किती दिवस कुलूप लावून बसणार आहात? आणि ती सिस्टर तुरुंगात कधी जाणार, ते सांगा."

"तुम्ही रोज असायचात जवळ?"

"असायचो म्हणजे... आधी खाली उपाहारगृहात बसून काम करायचो. ऑफिस सुट्टी देईना. वॉर्डात वायरलेस चालत नाही. बाबा चिडायचे. 'अरे, तू आलास तरी न आल्यासारखाच,' म्हणायचे." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "त्या दिवशी मात्र मी पूर्ण सकाळ त्यांच्या खाटेशी होतो. गप्पा मारल्या आम्ही. रंधा कसा धरायचा ते हवेत हात फिरवून दाखवलं त्यांनी मला. नेमका औषधाला खाली गेलो, तेवढ्यात..."

बाईंनी पुढचं काही विचारलं नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या वर निघाल्या.

वरच्या मजल्यावर हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळणारे साहेब होते. अख्खं हॉस्पिटल त्यांना 'ऑल ओके' म्हणायचं, कारण कुठलीही तक्रार नेली तरी ते दिव्यांकडे बघून तेवढंच म्हणायचे.

"या, या मॅडम! चहा घेणार? आमच्याकडे सगळं ऑल ओके आहे. एक मिनिटसुद्धा नेटवर्क बंद नव्हतं. हे दिवे बघा, सगळे हिरवे. बाईमाणूस आहे, थकली असेल, डुलकी लागली असेल. आपण काय बोलणार?"

"तिला डुलकी लागली असं ती म्हणत नाही. पडदा अडकला असावा."

"पडदा कसा अडकेल? आणि एक्स-रेवाल्या तरुण डॉक्टरांना विचारा ना. त्या दुपारी सिस्टरच्या टेबलाशी बसून एका पेशंटच्या मेंदूच्या स्कॅनच्या फोटोंचे कापांमागून काप उघडत होते. तेवढ्यानेही आमचं नेटवर्क हललं नाही." साहेब खुर्चीत रेलले. "तुम्ही एक करा, ती पाच नंबरची खोली उघडायला सांगा. तिथलं सॉकेट मला तपासायचंय. मेलंय ते."

"मेलंय?" बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. "खोली तर सील आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?"

ऑल ओके साहेबांनी चहाचा कप उचलला आणि प्यायचं विसरून तसाच हातात धरला.

४

"मला स्विचवरच्या पोर्टांची स्थिती दाखवा," बाई म्हणाल्या. "दिवे नकोत. स्पॅनिंग ट्रीची."

आता हे प्रकरण काय आहे, ते सोप्या शब्दांत सांगायला हवं, कारण सगळी गाठ तिथेच आहे. स्विच म्हणजे तारांचा चौक. एकीकडून आलेला निरोप दुसरीकडे पाठवायचा, एवढंच त्याचं काम. तार जिथे खोचायची ते भोक म्हणजे पोर्ट. या वॉर्डाचे असे तीन चौक होते: एक खोल्यांचा, एक सिस्टरच्या टेबलाचा आणि एक वरच्या मजल्यावरचा मोठा. खोल्यांचा स्विच मोठ्याला जोडलेला, टेबलाचाही मोठ्याला जोडलेला, आणि खोल्या ते टेबल अशी एक राखीव तार. एक वाट तुटली तर दुसरी असावी म्हणून.

पण तिघांचा असा गोल फेर झाला की निरोप त्यात गरगर फिरत राहतो, थांबतच नाही, आणि सगळ्यांचा श्वास कोंडतो. म्हणून हे स्विच आपसात एक मुख्य निवडतात. मुख्याकडे जाणारी जवळची वाट उघडी ठेवायची, उरलेली एक अडवायची, असा त्यांचा करार. त्यालाच स्पॅनिंग ट्री म्हणतात. मुख्य कोण हे माणसाने ठरवून द्यायचं असतं. नाही दिलं, तर कारखान्यातून आलेला ज्याचा क्रमांक सगळ्यांत लहान तो मुख्य होतो. लहान क्रमांक बहुधा सगळ्यांत जुन्याचा. तो धडधाकट आहे का मोडकळीला आलाय, हे कोणी विचारत नाही.

ऑल ओके साहेबांनी नाइलाजाने संगणक बाईंकडे वळवला.

मुख्य होता वरचा मोठा स्विच. पण तिघांच्याही नावापुढे पसंतीचा आकडा एकच होता, कारखान्याने घालून दिलेला. याला मोठेपण कोणी दिलं नव्हतं. क्रमांक लहान निघाला म्हणून ते चालून आलं होतं. राखीव तारेचं पोर्ट अडवलेलं, जसं असायला हवं तसं. बाईंचं बोट खाली सरकलं. खोल्यांच्या स्विचची आठ पोर्टं. एक चालू, दोन चालू, तीन, चार चालू.

पाच बंद.

"बघा," साहेब घाईने म्हणाले. "सांगितलं ना, मेलंय."

"मेलेलं वेगळं दिसतं," बाई म्हणाल्या. "तार निघाली, सॉकेट बिघडलं, तर इथे 'जोड नाही' असं येतं. दार वाऱ्याने लागावं तसं. हे तसं नाही. याला कोणीतरी आतून कडी घातली आहे. आज्ञा देऊन, इथे बसून. याचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे?"

साहेबांनी हातातला कप टेबलावर ठेवला.

"साहेब, कुलूपबंद खोलीच्या सॉकेटला कडी कशाला घालावी लागली तुम्हाला? आत कोण दार वाजवत होतं?"

५

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. साहेबांना संगणकासकट घेऊन त्या वॉर्डात आल्या. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, एक्स-रेवाल्या तरुण डॉक्टरांना बोलावलं, आणि सिस्टरलाही घरून आणवलं. मुलाने निरोप ऐकला आणि तो न बोलावता वर आला. "माझ्या बापाची चौकशी आहे, मी बाहेर थांबणार नाही," म्हणाला. बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. त्याला घालवून द्यावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं असावं. पण त्या नुसतं म्हणाल्या, "थांबा. तुमचा हक्क आहे."

मग त्यांनी प्रत्येक खोलीत रुग्णाशेजारी एकेक नर्स उभी केली. "मी सांगेपर्यंत कोणी खाट सोडायची नाही. पडद्यावर आता कोणीही भरवसा ठेवायचा नाही." दोन नंबरच्या खोलीत एक ठसकेबाज म्हातारी नर्स होती. तिला सांगितलं, मॉनिटरवरची नाडी मोठ्याने ओरडत राहा.

"ओरडायचंच ना? त्यात माझा हात कोणी धरणार नाही," ती म्हणाली, आणि कोणालाच हसू आलं नाही.

"साहेब, पाच नंबरची कडी काढा."

ऑल ओके साहेबांनी संगणक पुढे ओढला. मग त्यांनी आज्ञा दिली.

पाच नंबरचं पोर्ट जागं झालं. आधी ते नुसतं ऐकत राहिलं, मग शिकत राहिलं, आणि मगच बोलायला लागलं. माणसांना जन्मभर न साधणारी ही रीत ही मुकी यंत्रं न चुकता पाळतात. पण त्या थोड्या वेळात साहेबांच्या संगणकावरचं जग उलटंपालटं झालं. मुख्याच्या जागी एक अनोळखी क्रमांक आला, तिन्ही स्विचांपेक्षा लहान. खोल्यांच्या स्विचने वरच्या मजल्याकडचं तोंड फिरवलं आणि पाच नंबरच्या खोलीकडे केलं. टेबलाच्या स्विचला आता मुख्याकडे जायची जवळची वाट राखीव तारेची होती. तिथलं अडवलेलं पोर्ट उघडलं, आणि वरच्या मजल्याची चांगली वाट अडवली गेली.

"सिस्टर, पडद्यावर दोन नंबरची नाडी?"

"चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी!" आतून आरोळी आली.

"डॉक्टर, त्या दिवशी उघडलेत तेच फोटो उघडा."

तरुण डॉक्टरांनी फोटो उघडले. पहिला काप अर्धाच आला.

"शहाऐंशी!" आतून आवाज.

"चौऱ्याऐंशी," सिस्टर म्हणाली.

"नव्वद! एक्क्याण्णव!"

"चौऱ्याऐंशी," सिस्टर पडद्याजवळ सरकली. "अजून चौऱ्याऐंशीच आहे, बाई."

"अठ्ठ्याऐंशी! अहो, ऐकतंय का कोणी?"

सिस्टरने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिच्या बोटांमधून शब्द आले, "मी बघत होते हो. मी बघतच होते."

"कडी घाला," बाई म्हणाल्या. साहेबांनी घातली. पडदा भानावर आला.

बाई सगळ्यांकडे वळल्या. "राखीव तार त्या टेबलामागच्या लोखंडी कपाटाच्या पायाखाली चेपली आहे. मघाशी वाकून पाहिली. दिवा हिरवा लागतो, थोडंथोडकं पोचतंही. भार आला की निरोप वाटेतच मरतात. तार पूर्ण तुटली असती तर लाल पाटी आली असती आणि सिस्टर धावली असती. ही अर्धवट जिवंत होती, म्हणून पडदा शेवटचे चांगले आकडे धरून बसला. ती नेहमी अडवलेली असायची, त्यामुळे ती चालते का, हे कोणी कधी पाहिलंच नाही."

मोठ्या डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली. "आत काय आहे?"

"नवा मुख्य," बाई म्हणाल्या. "उघडा."

६

खाटेशेजारच्या छोट्या कपाटामागे, बॅगेच्या आड, एक जुनी करडी पेटी होती. कधीकाळी कुठल्यातरी ऑफिसात चौक सांभाळलेली. भिंतीतून आलेली तार तिच्यात गेली होती, मॉनिटरची तार तिच्यात गेली होती, आणि तिसरी मोकळी तार खुर्चीपर्यंत आली होती, जिथे बसून कोणीतरी मांडीवर काम केलं असावं. पेटीवरचा दिवा लुकलुकत होता.

"ती माझी आहे," मुलगा म्हणाला.

त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. तो समजावून सांगत होता. "ऑफिसने भंगारात काढली होती, म्हटलं घेऊन जाऊ. भिंतीत एकच सॉकेट होतं ना. मॉनिटरही चालायला हवा आणि माझं कामही. म्हणजे मला खाली जायला नको. बाबांजवळच..."

मग त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि वाक्य तिथेच राहिलं.

मोठे डॉक्टर बाईंच्या कानाशी वाकले. "अहो, तांत्रिक बिघाड म्हणू या ना. एवढं खोलात कशाला..."

"तुम्ही तांत्रिक बिघाड म्हणालात तर सिस्टर सुटेल, पण तिच्यावरचा डाग राहील," बाई त्याच हळू आवाजात म्हणाल्या. "आणि हा मुलगा काही बहिरा नाही."

मुलगा बाईंसमोर येऊन उभा राहिला. "सरळ सांगा. मी मारलं का त्यांना?"

देवाने माणसाला जीभ दिली ती अशाही वेळी वापरावी लागते. बाईंचे डोळे भरले होते, तरी आवाज स्थिर होता.

"पेटी तुम्ही लावलीत, हे खरं. ती लावली नसतीत तर त्या दुपारी पडदा अडकला नसता, हेही खरं. मी खोटं बोलणार नाही. पण हॉस्पिटलच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये कोणी परकी पेटी खोचली तर तिला दारातच अडवायचं, हे यांचं काम होतं. मोठ्या स्विचला मुख्य नेमायचं, हे यांचं काम होतं. राखीव तार तपासायची, तेही यांचंच. बापाजवळ बसावंसं वाटलं, यात तुमचा काय गुन्हा?"

सगळे ऑल ओके साहेबांकडे वळले. ते भिंतीला टेकले होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे तो नेहमीचा शब्द नव्हता.

"यंत्र बसवणाऱ्यांनी सांगितलं होतं मला," ते कसेबसे म्हणाले. "मुख्य नेमा, भिंतीतली पोर्टं राखा म्हणून. म्हटलं, चाललंय ना, करू नंतर. त्या दिवशी सिस्टर पडदा-पडदा करायला लागली तेव्हा मी वर जाऊन पोर्टांची स्थिती पाहिली. मुख्य म्हणून भलताच क्रमांक दिसला. पाच नंबर बंद केलं. सगळं सुरळीत झालं. वाटलं, माणूस तर गेलाच आहे... खोली उघडली की पेटी काढून टाकू, कोणाला काय कळणार."

"आणि मी?" सिस्टरने विचारलं. ती ओरडली नाही. "साहेब, रोज जिन्यात भेटायचात. माझ्या लेकीची चौकशी करायचात. मी काय होते हो तुमच्या हिशेबात?"

"राहून गेलेलं काम देव कदाचित पदरात घेईल," बाई म्हणाल्या. "पण खरं काय ते ठाऊक असून तुम्ही या बाईला रोज थोडी थोडी मरू दिलीत. चला माझ्याबरोबर. मंडळासमोर हे तुमच्या तोंडून यायला हवं."

बाई, साहेब आणि मोठे डॉक्टर जिन्याकडे गेले. एक्स-रेवाले डॉक्टर आणि नर्सेस आपापल्या कामाला लागले. पाच नंबरच्या खोलीत सिस्टर आणि मुलगा, दोघेच राहिले.

मुलगा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. तो म्हणाला, "शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?"

कोणीही खोटं बोलून गेलं असतं. मी होते, ते शांत होते, असं काहीतरी. सिस्टरच्या ओठांवर ते आलंही असेल.

"कोणी नव्हतं, दादा," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग वाकून खाटेखालून वडिलांच्या चपला काढल्या, धूळ पुसली, बॅगेत ठेवल्या. चष्मा खिशात घातला. शेवटी खुर्चीवरची चादर उचलली, ती घरची होती, आणि एकट्याने घडी घालायला गेला. चादर मोठी होती. एक टोक धरलं की दुसरं सुटायचं.

सिस्टरने पुढे होऊन समोरची दोन टोकं धरली. दोघांनी चादर ताणली, मध्ये दुमडली, आणि टोकाला टोक जुळवायला एकेक पाऊल पुढे आले.